निवतीची खडपे आणि नकाराचा अधिकार

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मालवण आणि वेंगुर्ले या दोन जुन्या बंदरांच्या दरम्यान, निवती हे मच्छीमारांचे गाव आहे. उत्तरेस कर्ली खाडीचे मुख आणि भोगव्याची लांब पुळण, टोकाला जांभ्याच्या टेकडीवरचा पडझड झालेला किल्ला, त्याच्या पायथ्याशी भरतीत बुडणारी व ओहोटीत उघडी पडणारी खडपे आणि दूर समुद्रात पाण्याबाहेर डोके काढलेले खडक अशी या गावाची ठेवण असून, रापण (किनाऱ्यावरून ओढले जाणारे मोठे जाळे), होडी आणि जाळे यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या येथील गाबीत कुटुंबांतील काही तरुण आता हिवाळ्याच्या हंगामात पाहुण्यांना डॉल्फिन दाखवण्याचे व स्नॉर्केलिंग करवण्याचे काम करतात. जबाबदार पर्यटनाची चर्चा सहसा पाहुण्याने काय करावे आणि काय टाळावे या नियमांभोवती फिरते. प्रत्यक्ष होडीवर काम करणाऱ्यांचा अनुभव मात्र असा आहे की, बहुतेक गोष्टी पाण्यात उतरण्यापूर्वीच, धक्क्यावर किंवा पुळणीवर ठरून गेलेल्या असतात, आणि त्या ठरवताना ‘आज नको’ असे म्हणण्याची मुभा तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, आहे की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासनळी धरून, पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत खालचे जग पाहणे. स्कूबा डायव्हिंगप्रमाणे पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जाण्याचा प्रकार यात नसल्यामुळे, वरून जेवढे दिसेल तेवढेच पाहायचे असते, आणि म्हणून पाण्याची नितळता ही येथे सर्वांत मोलाची गोष्ट ठरते. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या छायाचित्रांवर ज्यांची नजर बसली आहे, त्यांना कोकणच्या या पाण्याची कल्पना आधी द्यावी लागते. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या लहानमोठ्या नद्या आणि त्यांच्या खाड्या पावसाळ्यात प्रचंड गाळ समुद्रात सोडतात; गाळामुळे सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही; आणि प्रवाळ, म्हणजे चुन्याचा सांगाडा घडवणारे, वसाहतीने राहणारे सूक्ष्म प्राणी, आपल्या पेशींतील सहजीवी शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणावर जगत असल्यामुळे, येथे त्यांच्या सलग भिंती उभ्या राहत नाहीत. त्याऐवजी खडकांवर ठिकठिकाणी पोरायटिस, टर्बिनेरिया, गोनिॲस्ट्रिया अशा गाळ सोसणाऱ्या जातींच्या गोलसर किंवा पसरट वसाहती आढळतात. नवख्या नजरेला त्या शेवाळलेल्या धोंड्यांसारख्या वाटतात आणि नेमक्या त्याच कारणाने पायाखाली जातात.

मालवणच्या किनाऱ्यावरील अशाच खडकाळ परिसरासाठी १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर असून, सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांभोवतीचा सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग हा त्याचा गाभा आहे. निवती या सीमेच्या बाहेर पडते. अर्थात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा कायदा येथेही लागू आहे, आणि २००१ साली प्रवाळ, समुद्रघोडे व देवमुशी म्हणजे व्हेल शार्क यांना त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाल्यामुळे प्रवाळाचा तुकडा तोडून नेणे हा अभयारण्याबाहेरही गुन्हाच ठरतो. परंतु कोणत्या खडकापाशी किती होड्यांनी जावे, नांगर कोठे टाकावा, एका वेळी किती माणसे पाण्यात असावीत, हे प्रश्न इथल्या रोजच्या कामात होडीवरच्या माणसालाच सोडवावे लागतात.

या कामाचे पंचांग समुद्राचे असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतील अंतर सर्वाधिक असते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हे अंतर सर्वांत कमी होते, त्याला भांग म्हणतात. उधाणात पाणी वेगाने आतबाहेर करते, तळाची वाळू व गाळ उचलते, आणि ओहोटीबरोबर कर्ली खाडीचे गढूळ पाणी किनाऱ्यालगत पसरते. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावतो आणि गाळ तळाशी बसतो. त्यातच नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळी उशिरापर्यंत टिकून राहतो, त्यामुळे पाण्याला लाट नसते. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटला की पाणी चिरचिरू लागते. म्हणून भांगाच्या दिवसांतली सकाळ स्नॉर्केलिंगला योग्य. उलट खडपांवर चालून तेथील जीव पाहायचे असतील, तर उधाणाचीच मोठी ओहोटी हवी, आणि ती या किनाऱ्यावर साधारणपणे पहाटे किंवा सायंकाळी येते. एकाच दिवशी दोन्ही गोष्टी उत्तम साधत नाहीत. शनिवार-रविवारची सुट्टी काढून मुंबई-पुण्याहून आलेल्या कुटुंबाला हे सांगणे अवघड असते, कारण त्यांची सुट्टी तिथीवर बेतलेली नसते, आणि ‘मागच्या वेळी तर स्वच्छ दिसले होते’ हा आग्रह खरा असला तरी त्या दिवसाच्या पाण्याला तो लागू नसतो. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यावर स्वतःच्या पायाची बोटे दिसत नसतील, तर खडकापाशी जाऊनही काही हाती लागणार नाही, ही तांडेलांची साधी कसोटी आहे, आणि ती पाहुण्याला स्वतः करून पाहायला लावणे हा समजूत घालण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे.

पाण्यात उतरल्यावर घडणाऱ्या नुकसानीचे मूळ बहुधा भीतीत असते, बेपर्वाईत क्वचितच. नवख्या माणसाला जीवरक्षक जॅकेट घालणे अनिवार्य आहे आणि असलेच पाहिजे. पण जॅकेट छातीशी तरंगते आणि पाय खाली लोंबतात, त्यामुळे शरीर पालथे न राहता उभे होते. श्वासनळीत थोडे पाणी शिरले, मुखवटा धुरकटला किंवा नाकाने श्वास घेण्याची सवय आड आली, की घाबरलेला माणूस पाय झाडत टेकायला जागा शोधतो, आणि दोन-अडीच मीटर खोलीच्या खडकाळ जागी ती जागा बहुतेक वेळा प्रवाळाची वसाहत असते. एका पावलाच्या दाबाने वरचा जिवंत थर चिरडला जातो. पोरायटिससारख्या प्रवाळाची वाढ वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर एवढीच असल्यामुळे, परातीएवढा घुमट तयार होण्यास कित्येक दशके लागलेली असतात. म्हणून जाणते मार्गदर्शक होडी थेट खडकाशी नेत नाहीत. ते आधी वाळूच्या तळावर, कमरेइतक्या पाण्यात, प्रत्येकाची तयारी करून घेतात. मुखवट्याच्या कडेखाली आलेले केस बाहेर काढायचे, काचेला आतून थुंकी चोळून खळबळून घ्यायची म्हणजे ती धुरकटत नाही, मिशी असेल तर नाकाखालच्या कडेतून थोडे पाणी झिरपणारच हे आधीच सांगून ठेवायचे, दात नळीच्या रबरावर हलके टेकवायचे, आणि मग चेहरा पाण्यात ठेवून मोजून काही श्वास केवळ तोंडाने घ्यायचे. यानंतर दोन्ही हातांनी तरंगती रिंग धरायला देतात. हात पुढे गुंतले की कंबर आपोआप वर येते, पाय पृष्ठभागाशी समांतर होतात, आणि काहीतरी पकडण्यासाठी हात मोकळेही राहत नाहीत. या एका युक्तीने जेवढे प्रवाळ वाचते तेवढे ‘स्पर्श करू नका’ अशा फलकांनी वाचत नाही. पाण्यात वस्तू प्रत्यक्षाहून सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या व थोड्या जवळ दिसतात, हेही आधी सांगावे लागते. ते ठाऊक नसले की आठ बोटांचा मासा हातभर वाटतो आणि माणूस दचकून पाय खाली सोडतो.

तयारीला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे फेऱ्या कमी. मालवणसारख्या गर्दीच्या ठिकाणी मार्गदर्शकाला दिवसात जितक्या फेऱ्या तितके पैसे मिळतात, तेथे ही तयारी दोन मिनिटांत उरकली जाते आणि पाहुण्याला ‘काहीतरी दिसले’ असे वाटावे म्हणून पावाचे तुकडे पाण्यात टाकले जातात. पाव पडताच पट्टेरी सार्जंट मासे झुंडीने गोळा होतात, छायाचित्र उत्तम येते, आणि पाहुणा समाधानाने वर येतो. या सवयीचा परिणाम सावकाश दिसतो. खडकावरचे शैवाल कुरतडून प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारे मासे आयत्या अन्नाकडे वळतात, धीट व आक्रमक जाती इतरांना हुसकतात, आणि न खाल्लेला पाव कुजून पाण्यातील पोषकद्रव्ये वाढवतो, ज्यावर पुन्हा शैवालच माजते. वाढत्या तापमानामुळे प्रवाळ सहजीवी शैवाल बाहेर टाकून पांढरे पडते, त्याला विरंजन म्हणतात. विरंजनातून सावरण्याची त्याची शक्ती अशा ताणांनी आणखी घटते. समुद्राचे तापमान कमी करणे निवतीच्या तांडेलाच्या हाती नाही, पाव न टाकणे आहे. उन्हापासून बचावासाठी लावल्या जाणाऱ्या मलमांतील ऑक्सिबेन्झोनसारखी द्रव्येही प्रवाळाला घातक ठरू शकतात. पलाऊ या बेटराष्ट्राने २०२० साली आणि हवाई राज्याने २०२१ साली अशा मलमांवर बंधने आणली. कोकणात यावर सोपा उपाय आहे: पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालून पाण्यात उतरावे.

खडपांवरील फेरी ही या साऱ्यात सर्वांत दुर्लक्षित, आणि विचारपूर्वक पाहिल्यास सर्वांत समृद्ध गोष्ट आहे. ओहोटीने मागे ठेवलेल्या एखाद्या घमेल्याएवढ्या डबक्यात गुडघे टेकून पाच मिनिटे स्थिर बसले, की आधी रिकामे भासणारे पाणी हळूहळू भरू लागते. खडकाच्या रंगाचा गोबी मासा एका झटक्यात जागा बदलतो तेव्हाच दिसतो. चालणारा शंख वस्तुतः शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा निघतो. आणि हिरवट-तपकिरी गालिचासारखा पसरलेला थर म्हणजे झोअँथिड, प्रवाळाचेच मऊ अंगाचे भाऊबंद, असून धक्का लागताच त्यांची शेकडो तोंडे मिटत जातात. दगड उलटून पाहण्याचा मोह येथे हमखास होतो. दगडाच्या खालच्या बाजूस स्पंज, नळीतले कृमी, माशांची अंडी असे ओल व काळोखावर जगणारे जीव चिकटलेले असतात, आणि उलटा टाकलेला दगड कोकणच्या उन्हात त्या सर्वांचा जीव काही तासांत घेतो. म्हणून उचललेला दगड त्याच कुशीवर, त्याच जागी ठेवला गेला पाहिजे. याच खडपांवर गावातल्या बाया टोकदार लोखंडी हत्याराने कालवे फोडतात. वाकून, भरती चढण्याच्या आत पुरेशी कालवे गोळा करण्याचे ते कष्टाचे काम आहे, आणि न विचारता त्यांचे छायाचित्र काढणारा पाहुणा प्रवाळावर पाय ठेवणाऱ्याइतकाच बेजबाबदार म्हटला पाहिजे.

डॉल्फिनदर्शनाचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे, कारण येथे पाहणारा व पाहिला जाणारा दोघेही चालते असतात. निवती-भोगवे-देवबागच्या पाण्यात प्रामुख्याने दिसतो तो पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेला हिंद महासागरीय हंपबॅक डॉल्फिन. तो खोल समुद्रात जात नाही. साधारण वीस-पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीच्या, किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात, विशेषतः खाड्यांच्या मुखांशी व खडकांभोवती राहतो, म्हणजे मासेमारी, वाहतूक, सांडपाणी आणि पर्यटन या सर्वांची जेथे सर्वाधिक वर्दळ असते नेमक्या तेथेच त्याचे घर आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो ‘संकटग्रस्त’ गटात मोडतो. मासेमाराशी त्याचे नाते गुंतागुंतीचे आहे: एकाच माशाच्या मागे दोघेही असल्याने तो जाळ्यातून मासे पळवतो, जाळे फाटते, आणि कधी तोच जाळ्यात अडकून गुदमरतो, कारण त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. संरक्षित जीव अडकल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आणली, ती याच वास्तवाची दखल घेणारी असल्यामुळे स्वागतार्ह आहे.

डॉल्फिन परिसराचा वेध ध्वनीने घेतो. तो सोडत असलेल्या टकटकीचे प्रतिध्वनी त्याला मासा, खडक आणि आपले पिल्लू यांची जागा सांगतात, आणि गढूळ खाडीमुखाशी डोळ्यांपेक्षा हीच जाणीव त्याच्या कामी येते. तीन-चार होड्यांची यंत्रे एकदम त्याच्याभोवती धडधडू लागली, की त्याच्या शिकारीत, विश्रांतीत आणि पिल्लाशी असलेल्या संपर्कात खंड पडतो. जुन्या तांडेलांना हे कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय उमगलेले असते, कारण जाळे टाकताना आवाज न करण्याची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. डॉल्फिनांचा कळप एका दिशेने शांतपणे जात असेल, तर होडी त्याच्या बाजूने, समांतर, मंद गतीने आणि किमान पन्नास मीटर अंतरावर ठेवावी. समोरून आडवे जाऊ नये, मागून पाठलाग करू नये, कळपाच्या मधून होडी घालू नये. पिल्लू दिसल्यास आणखी लांब राहावे. आणि पंधरा-वीस मिनिटांत निघून जावे. या संकेतांमागचे तर्क सोपे आहेत. समोरून आलेली होडी प्राण्याची वाट अडवते, मागून आलेली होडी शिकाऱ्यासारखी वागते, बाजूने चालणारी होडी त्याला निवड करू देते. यंत्र बंद करून, थोडे लांब, वाऱ्यावर तरंगत राहिलेल्या होडीजवळ कळप स्वतःहून आल्याचा अनुभव या पाण्यात काम करणाऱ्यांना वारंवार येतो. प्रत्येक वेळी येतो असे मात्र नाही, आणि ‘डॉल्फिन हमखास’ अशी पाटी लावणाऱ्याने पाठलागाचे बीज तेथेच पेरलेले असते.

निवतीसमोर दूर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स हा बेटसमूह आहे. तेथील गुहांत भारतीय पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात आणि सुरय पक्ष्यांची वीण होते. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभी या पक्ष्यांवर लिहिलेला निबंध पक्षीशास्त्रात मान्यता पावलेला आहे. पाकोळ्यांची घरटी खाद्य म्हणून विकली जात असल्याने येथे पूर्वी त्यांची तस्करी झालेली आहे. विणीच्या जागी पाहुण्याने बेटावर पाऊल न ठेवता होडीतूनच पाहावे, याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही.

आता या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या पैशाकडे वळले पाहिजे. जून ते ऑगस्ट हे महिने समुद्र बंद असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित मासेमारीलाही बंदी असते. उरलेल्या काळात पाणी नितळ, वारा शांत आणि पाहुणे हजर, असे तिन्ही जुळलेले दिवस थोडेच मिळतात. माणशी दरावर चालणाऱ्या होडीला गढूळ दिवशी नकार देणे म्हणजे त्या दिवसाचे डिझेल, खलाशाची मजुरी आणि कर्जाचा हप्ता अंगावर घेणे होय. शेजारची होडी कमी दरात न्यायला तयार असली, तर प्रामाणिक तांडेलाच्या नकाराचा लाभ अप्रामाणिकालाच होतो. म्हणून दर एकत्र ठरवणे, होड्यांच्या पाळ्या लावणे आणि एका खडकापाशी एका वेळी किती होड्या जातील याची मर्यादा गावानेच घालणे, हे प्रवाळाच्या संरक्षणाचे खरे उपाय ठरतात. असे होऊ शकते याचे उदाहरण फार लांब नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी या महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली, ती वल्ह्यांच्या होडीतून, मर्यादित माणसांना घेऊन आणि स्वतः माहिती सांगत. सिंधुदुर्गच्या सागरी जैवविविधतेसाठी शासन व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी राबवलेल्या प्रकल्पाचे पाठबळ तिला मिळाले होते. होडी त्यांची, दर त्यांचा, म्हणून नकारही त्यांचाच राहतो.

निवतीवर आता मोठी वर्दळ येऊ घातली आहे. भारतीय नौदलाने निवृत्त केलेली आयएनएस गुलदार ही नौका निवतीजवळच्या खडकांपाशी समुद्रतळावर ठेवून तेथे पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे असून, फेब्रुवारी २०२५मध्ये नौका हस्तांतरित झाली. नीट स्वच्छ करून ठेवलेली नौका माशांना आसरा देऊ शकते आणि नैसर्गिक खडकांवरील पाहुण्यांचा भार काही अंशी वळवू शकते, हे खरे; पण त्या निमित्ताने येणारी शेकडो माणसे भोगव्याच्या डॉल्फिनांकडे आणि किल्ल्याखालच्या खडपांकडेही वळणार, हेही तितकेच खरे. प्रकल्पाचे यश तिकिटांच्या संख्येवर मोजले गेले, तर मालवणच्या गर्दीची पुनरावृत्ती येथे होईल. होड्यांची संख्या, दर व बंद ठेवण्याचे दिवस ठरवण्याचा अधिकार स्थानिक मच्छीमार संस्थेला लेखी मिळाला, तरच निवतीला वेगळी वाट धरता येईल, आणि तो अधिकार गर्दी येण्यापूर्वी मिळाला पाहिजे.

पाहुण्यांच्या हाती असलेली गोष्ट मात्र आजच करता येण्याजोगी आहे. निवतीला जाणाऱ्याने तिथी पाहून भांगाचे दिवस निवडावेत, एक दिवस हाताशी राखून ठेवावा, माणशी दराची घासाघीस न करता संपूर्ण होडीचे भाडे ठरवावे, आणि तांडेलाने पाणी पाहून ‘आज नको’ म्हटले, तर त्याच्या त्या सकाळच्या कामाचे पैसे देऊन, ओहोटीत जेवढी उघडी पडतील तेवढ्या खडपांवर फेरी मारावी.